या वाक्याचा फेर कुठला?

घरातला सातबारा एकदा नीट पाहा. धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजांत येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या घरी तो पीककर्जाच्या नाहीतर पीकविम्याच्या कागदांत असतोच. भोगवटादाराच्या नावाजवळ कंसात एक आकडा दिसेल; जुन्या, हाती लिहिलेल्या उताऱ्यावर तो गोल केलेला असायचा. हा फेरफाराचा नंबर. गावात त्याला नुसतं ‘फेर’ म्हणतात. तो नंबर घेऊन तलाठ्याकडची गाव नमुना सहाची नोंदवही उघडली की कळतं, जमीन या नावावर कशी आली: वारसानं, वाटणीनं की खरेदीखतानं, कोणाकडून आली, कधी आली, कोणत्या कागदावरून नोंद झाली. त्या फेरावरून मागच्या फेरावर जाता येतं. मराठवाड्यात हा माग १९५४च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत पोचतो, आणि नशीब असेल तर त्याच्याही मागं, निजामाच्या काळातल्या फसली सालाच्या कागदांपर्यंत. संगणकावर निघणाऱ्या उताऱ्याच्या तळाशी तर ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून सगळे नंबर ओळीनं दिलेले असतात.

असाइनमेंटमधला संदर्भ नेमकं हेच काम करतो. वाक्यातली माहिती तुमच्याकडं कोणाकडून आली, कोणत्या कागदातून आली, आणि वाचणाऱ्याला तिथवर जायचं असेल तर त्यानं कुठलं पान उघडावं, एवढं तो सांगतो. शेवटच्या पानावर दहा जाड पुस्तकांची नावं लिहिल्यानं ते साधत नाही. मजकुरात कुठं एक आकडा नाही, कोणतं वाक्य कोणत्या पुस्तकातलं ते कळायला मार्ग नाही, आणि शेवटी मात्र लांबलचक ‘संदर्भग्रंथ’: तपासायला येणाऱ्या प्रकल्पांत मला हेच सर्वांत जास्त दिसतं. याचा दोष मी मुलांना देत नाही. शाळेत आपण त्यांना निबंध लिहायला शिकवतो, प्रकल्पाची वही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, आणि ‘संदर्भ द्या’ असं बजावणारे पुष्कळ असले तरी एक संदर्भ पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवणारं सहसा कोणी भेटत नाही. म्हणून आधी एक करून पाहू.

विषय घेऊ तेरचा, कारण धाराशिवच्या मुलांचा इतिहासाचा प्रकल्प बहुधा तेर, नळदुर्ग, परंडा नाहीतर तुळजापूर यांच्यापैकी एकावर असतो. समजा, तुम्ही लिहिलंत: ‘तेर हे प्राचीन काळातलं मोठं व्यापारी शहर होतं. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तेरचा उल्लेख आहे.’ ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा वाचली आहेत की ती कोणाचीच नसल्यासारखी झाली आहेत. आता दुसऱ्या वाक्याचा फेर काढू.

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं पुस्तक. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक नाही. समुद्रवाटांची, बंदरांची आणि तिथं काय विकलं जातं, काय मिळतं, याची माहिती त्यात आहे. त्यात म्हटलं आहे की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागतं आणि पैठणहून पूर्वेला साधारण दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचला जाते. म्हणजे पुस्तकात उल्लेख आहे तो तगरचा. ‘तेर’ हा शब्द त्यात कुठंही नाही. तगर म्हणजे आजचं कोणतं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांचं एकमत नव्हतं. कोणी देवगिरी म्हणत होतं, भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणत होते, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं होतं. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून तगर म्हणजे तेर हे मांडलं, आणि ते टिकलं. पुढं हेन्री कझिन्स यांनी तेरच्या जुन्या वास्तूंची पाहणी केली, १९५८ साली बी. एन. चापेकरांनी तिथं उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९६९ साली छापून आला.

आता वाक्य पुन्हा वाचा. त्यात दोन वेगवेगळ्या मालकांची माहिती एकाच्या नावावर चढली आहे. तगर होतं, ही पेरिप्लसची साक्ष. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांचं म्हणणं. मग ते असं लिहावं लागेल: ‘पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं पेरिप्लसमध्ये नोंदलं आहे.१ हे तगर म्हणजे आजचं तेर, असं फ्लीट यांनी १९०१ साली दाखवलं.२’

आणि तळटिपा? इथं प्रामाणिकपणाची खरी परीक्षा आहे. तुम्ही मूळ ग्रीक वाचलेलं नाही. विल्फ्रेड शॉफ यांचं १९१२ सालचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर उघडून तो परिच्छेद वाचला असेल, तर पहिली टीप अशी: ‘शॉफ, विल्फ्रेड एच. (अनु.), द पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी, न्यूयॉर्क, १९१२, परिच्छेद ५१.’ इथं पानाऐवजी परिच्छेदाचा आकडा दिला आहे, कारण कोणतंही भाषांतर हाती आलं तरी परिच्छेद ५१ हा ५१च राहतो. फ्लीट यांचा लेख मात्र तुम्ही पाहिला नाही, त्याविषयी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये वाचलंत, असं धरू. मग टिपेत आधी फ्लीट यांचं नाव आणि साल, त्यापुढं ‘उद्धृत’, आणि मग ‘महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर : उस्मानाबाद जिल्हा, महाराष्ट्र शासन, मुंबई, १९७२’, आणि तुम्ही वाचलेल्या पानाचा आकडा. ‘उद्धृत’ हा शब्द लिहायला मुलांना संकोच वाटतो. मूळ ग्रंथ वाचला नाही हे उघड होईल अशी भीती असते. उलट मला तो शब्द दिसला की बरं वाटतं. या मुलीनं आपल्या हातात काय होतं आणि काय नव्हतं ते खरं सांगितलं, म्हणजे बाकीच्या टिपाही भरवशाच्या असणार, असं मी धरून चालतो. आणि गॅझेटिअरमध्ये छापताना फ्लीट यांचं साल चुकलं असेल, तर ती चूक कुठली हेही त्यातून कळतं.

एवढं सगळं प्रत्येक वाक्यासाठी करायचं का? नाही. तीन ठिकाणी मात्र टाळता येत नाही: दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तेव्हा, दुसऱ्याचा विचार किंवा शोध स्वतःच्या शब्दांत मांडला तेव्हा, आणि आकडा दिला तेव्हा. यातलं दुसरं सर्वांत जास्त राहून जातं. ‘सर, मी कॉपी नाही केलं, माझ्या शब्दांत लिहिलं,’ असं मुलं मनापासून सांगतात. शब्द बदलले तरी फ्लीट यांचा शोध फ्लीट यांचाच राहतो. जमिनीवर नवीन पीक घेतलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही.

आकड्यांचं पाहायचं तर भूकंपाकडं यावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, हे वाक्य लिहायला संदर्भ लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सर्वांना ठाऊक असलेल्या, कुणीही वाद न घालणाऱ्या गोष्टीला टीप जोडायची नसते. पण पुढच्याच वाक्यात तुम्ही मृतांचा आकडा लिहिता. एका ठिकाणी तो ७,९२८ मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ९,७४८, तिसरीकडं ‘सुमारे दहा हजार’. भूकंपाची तीव्रताही कुठं ६.२, कुठं ६.३, कुठं ६.४. यातलं कोणतं ‘बरोबर’ ते एका असाइनमेंटमध्ये ठरवणं तुमच्या हातात नाही. मोजणी कोणी केली, कधीपर्यंतची केली, कोणत्या जिल्ह्यांची केली, तीव्रता कोणत्या मापानं मोजली, यावर आकडा बदलतो. तुमच्या हातात एवढंच आहे की तुम्ही लिहिलेला आकडा कोणाचा, ते त्याच वाक्यात सांगायचं. एकाच प्रकल्पात पान चारवर ७,९२८ आणि पान अकरावर ‘दहा हजार’ असे दोन्ही आकडे मी पाहिले आहेत. दोन्हींपुढं टीप असती तर तो फरक अभ्यासाचा विषय झाला असता. टीप नसल्यामुळं तो निष्काळजीपणा ठरला, आणि ज्या घटनेत आपल्याच तालुक्यातली माणसं गेली तिच्याविषयी निष्काळजी राहिलेलं मला सोसत नाही.

संदर्भाची खरी कामं लिहिताना होत नाहीत, वाचताना होतात. सबमिशनच्या आदल्या रात्री ‘ते कुठल्या पुस्तकात होतं बरं’ म्हणून शोधत बसणं फार जड जातं. म्हणून पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा वहीत, कार्डावर किंवा मोबाइलच्या नोंदींत त्याची ओळख उतरवून घ्या, मगच आत शिरा. ती मिळते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि त्याच्या पाठीमागं. मागचं पान बारीक अक्षरांचं असतं म्हणून मुलं ते उलटून जातात, पण सगळं तिथंच असतं. प्रथमावृत्ती अमुक साली, दुसरी आवृत्ती तमुक साली, पुनर्मुद्रण केव्हा. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, अक्षरजुळणी कोणाची. इथं घाईत मुद्रकाचं नाव प्रकाशक म्हणून लिहिलं जातं. छापखाना वेगळा आणि प्रकाशन वेगळं, एवढं पाहिलं की पुरे. साल लिहायचं ते तुमच्या हातातल्या आवृत्तीचं, कारण पानांचे आकडे त्या आवृत्तीचे आहेत; पहिल्या आवृत्तीचं साल महत्त्वाचं वाटलं तर तेही कंसात द्या. मग आतली टिपणं काढताना प्रत्येक टिपणापुढं पान टाका, आणि जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य लगेच अवतरणचिन्हांत घाला. दोन आठवड्यांनी वही उघडल्यावर कोणतं वाक्य तुमचं आणि कोणतं लेखकाचं, हे अवतरणचिन्हांशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही. पुष्कळदा चोरी होते ती इथं, आणि हेतू नसताना होते.

जुन्या पुस्तकांत साल शके दिलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८२० म्हणजे १८९८. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळं जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. हैदराबाद संस्थानातल्या कागदांवर फसली साल येतं. तिथं ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. टिपेत मूळ साल आहे तसं ठेवून इसवी सन कंसात लिहावा, म्हणजे तुमचं गणित चुकलं तरी वाचणाऱ्याला मूळ आकडा मिळतो.

आता आपल्या जिल्ह्याचाच एक प्रश्न, जो पुण्या-मुंबईच्या मुलांना पडत नाही. २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. त्यानंतर आलेल्या काही प्रकल्पांत मी ‘महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर : धाराशिव जिल्हा, १९७२’ असं वाचलं. भावना समजते, पण असं पुस्तक अस्तित्वात नाही. ग्रंथालयात जाऊन कोणी हे नाव मागितलं तर त्याला ते मिळणार नाही. पुस्तकाचं, अहवालाचं, लेखाचं नाव छापलं होतं तसंच लिहायचं. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र धाराशिव. उस्मानाबादी शेळीवर प्रकल्प करणाऱ्याला हे आपोआप कळतं, कारण शेळीच्या जातीचं नोंदलेलं नाव आजही तेच आहे. हवं तर प्रस्तावनेत एक ओळ घाला की मूळ साधनांतली नावं जशी आहेत तशी ठेवली आहेत.

नावापेक्षा हद्दीचा प्रश्न अधिक घात करतो. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणजे १९७२च्या गॅझेटिअरमधला ‘उस्मानाबाद जिल्हा’ हा लातूर, औसा, निलंगा पोटात असलेला जिल्हा आहे. १९७१च्या जनगणनेतलाही तोच. एखाद्या विद्यार्थ्यानं १९७१ची लोकसंख्या आणि २०११ची १६,५७,५७६ ही लोकसंख्या शेजारीशेजारी मांडली, तर जिल्ह्यातली माणसं चाळीस वर्षांत कमी झाली असा निष्कर्ष निघेल, आणि तो त्यावर स्थलांतराचा एक परिच्छेदही लिहील. टिपेत ‘अविभाजित उस्मानाबाद जिल्हा, लातूरसह’ एवढे शब्द असते तर लिहितानाच हात थांबला असता. आणखी मागं गेलं तर हाच मुलूख नळदुर्ग जिल्हा म्हणून सापडतो. १८५३ नंतर काही वर्षं इथला कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरच्या आत्मचरित्रात, जे त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली छापलं गेलं, ‘नळदुर्ग’ शोधलंत तरच आपला जिल्हा हाती लागेल. ते पुस्तक वापरताना हेही ध्यानात ठेवा की तो स्वतः इथं राहिलेला माणूस सांगतो आहे, म्हणून ते पहिल्या हातचं साधन आहे. पण तो राज्य करणाऱ्यांपैकी होता आणि आठवणी उतारवयात लिहीत होता. टीप माहितीचा पत्ता देते. त्या पत्त्यावर राहणाऱ्याला किती मानायचं, हे तुमच्या वाक्यात यायला हवं.

टिपा कशा मांडायच्या याच्या पद्धती अनेक आहेत. समाजशास्त्रं आणि मानसशास्त्रात एपीए, भाषा-साहित्यात एमएलए, इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत जास्त चालते. तुमच्या विभागानं एक ठरवून दिली असेल तर तीच. नसेल तर कोणतीही एक घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. स्वल्पविराम कुठं आणि पूर्णविराम कुठं यावर मी फार अडून बसत नाही. मराठीत काम करताना काही गोष्टी मात्र या परदेशी नियमपुस्तिकांत सापडत नाहीत. सूचीत आडनाव आधी येतं: राजवाडे, वि. का. पण टोपणनावानं लिहिणाऱ्यांचं काय? पुस्तकावर छापलेलं नावच घ्यावं. कुसुमाग्रज लिहून कंसात शिरवाडकर. संतांना आडनाव लावू नका. ‘कुंभार, गोरोबा’ अशी नोंद मी वाचली आहे आणि तेरच्या मातीत वाढलेल्या मुलानं ती केली होती. गोरोबाकाकांचा अभंग घेतलात तर तो कोणत्या गाथेतला, संपादक कोण, आणि त्या गाथेत अभंगाचा क्रमांक काय, ते लिहा. गाथांचे क्रमांक प्रतीप्रतीला वेगळे असतात, म्हणून नुसता क्रमांक निरुपयोगी ठरतो. ज्ञानेश्वरीला पानाऐवजी अध्याय आणि ओवी. मराठी विश्वकोशातल्या नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. ‘विश्वकोश’ एवढंच लिहून त्या माणसाचं श्रेय घालवू नका, त्याचं नाव आधी येऊ द्या. सूची अकारविल्हे लावताना क्ष आणि ज्ञ कुठं धरायचे ते ठरवून घ्या. संगणक क्ष हा क मध्ये लावतो.

प्रबंधांत ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ दिसतात. तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलंच पुस्तक, उ. नि. म्हणजे वर कुठंतरी निर्देश झालेलं. दोन्ही सुंदर आणि जागा वाचवणारे. पण संगणकावर परिच्छेद वरखाली केले की तत्रैव भलत्याच पुस्तकाकडं बोट दाखवायला लागतं. म्हणून कच्च्या खर्ड्यात पूर्ण नाव लिहा आणि तत्रैव सगळ्यात शेवटी, छपाईच्या आधी करा.

वर्तमानपत्राची बातमी असेल तर पत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान. आवृत्ती विसरू नका. जिल्हा पुरवणीतली बातमी छत्रपती संभाजीनगरच्या अंकात त्याच पानावर असेलच असं नाही. शासन निर्णयाला विभाग, क्रमांक आणि दिनांक. संकेतस्थळाला पूर्ण पत्ता आणि पाहिल्याची तारीख, कारण पानं हलतात, बदलतात, नाहीशी होतात. ‘गुगलवरून’ हा संदर्भ होत नाही. तो ‘कळंबच्या बाजारात मिळालं’ म्हणण्यासारखा आहे, दुकान कोणतं ते सांगायचं राहतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराला तर मूळ धनीच नसतो, म्हणून तो घेऊच नये.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल मला काळजीनं लिहावंसं वाटतं. त्यांना विषय सांगून संदर्भ मागितले की ती सुरेख यादी देतात: लेखक, शीर्षक, प्रकाशन, साल, पानं. त्यातली काही पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नसतात. लेखक खरा असतो, प्रकाशन खरं असतं, पुस्तक मात्र नसतं, आणि नोंद इतकी नेटकी असते की शंका येत नाही. सातबाऱ्यावर फेराचा नंबर आहे आणि नोंदवहीत ते पानच नाही, असा हा प्रकार. अशी एक नोंद पकडली गेली की बाकीच्या सगळ्या कामावरचा विश्वास उडतो, मग त्या मुलानं पंधरा दिवस गावोगाव फिरून माहिती गोळा केलेली का असेना. जे पुस्तक तुम्ही स्वतः उघडलं नाही, किंवा ज्यातून ते उद्धृत केलं ते उघडलं नाही, त्याची नोंद करू नका. वाक्यरचना सुधारायला किंवा भाषांतराला अशा साधनाची मदत घेतली असेल तर ऋणनिर्देशात तसं सांगा.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून मुलं गावांत जाऊ लागली आहेत. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ग्रामीण परिसरातले विद्यार्थी त्याआधीपासून हेच करत आले. तोंडी मिळालेल्या माहितीला संदर्भ द्यायचा असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. सास्तूरच्या एखाद्या आजीनं भूकंपाची पहाट तुम्हाला सांगितली. पत्र्याच्या शेडमधली वर्षं, नव्या गावातलं पहिलं घर. ते तुमच्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं साधन आहे आणि ते इतर कोणाकडं नाही. टिपेत लिहा: मुलाखत, सास्तूर, तालुका लोहारा, तारीख, घेणाऱ्याचं नाव. आजीचं नाव लिहायचं की नाही ते तिला विचारा, आणि मुलाखत सुरू करण्याआधी विचारा. ‘नको’ म्हणाली तर ‘महिला, वय सुमारे अमुक, भूकंपग्रस्त’ एवढं पुरेसं. तिचे शब्द तिच्याच बोलीत अवतरणात द्या. पुस्तकी मराठीत दुरुस्त करू नका. ध्वनिमुद्रण असेल तर ते तुमच्याकडं जपून ठेवल्याचं टिपेत नोंदवा. फोटोलाही हेच लागू. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिची तुलना इटलीत पाँपेई इथं सापडलेल्या मूर्तीशी केली जाते, तिचं चित्र लावलंत तर खाली वस्तू, संग्रहालय, गाव, आणि फोटो कोणी व कधी काढला ते लिहा. इंटरनेटवरून उचललेल्या चित्राखाली हे लिहिता येत नाही, म्हणून एसटीनं तेरला जाऊन परवानगी घेऊन स्वतः काढलेला, थोडा हललेला फोटोही मला जास्त किमतीचा वाटतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८चे नियम प्रबंधांना लागू आहेत, पण पदवीच्या मुलांनीही ते माहीत करून घ्यावेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर ठरलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत, तसंच सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही. या चौदा शब्दांचा मुलं भलताच अर्थ काढतात, की तेरा शब्द उचलले तर चालतात. ती सवलत ‘धाराशिव हा मराठवाड्यातला एक जिल्हा आहे’ अशा वाक्यांसाठी आहे. ती कोणीही लिहिली तरी सारखीच होणार.

वही बांधायला देण्याआधी एक काम करा. तुमच्या टिपांतल्या कोणत्याही तीन निवडून वर्गातल्या मैत्रिणीच्या हातात द्या. प्रकल्प दाखवू नका, नुसत्या टिपा. तिला ग्रंथालयात किंवा मोबाइलवर ते पान गाठायला सांगा. एखाद्या टिपेशी ती अडली, ‘यात आवृत्ती नाही’, ‘हे पान उघडत नाही’, ‘ही मुलाखत कोणत्या गावातली?’ असं विचारत परत आली, तर ती टीप तिथंच दुरुस्त करा, आणि तिच्या टिपा तुम्ही तपासायला घ्या.